वैशूसाठी उतरवलेलं वजन

आमच्या कारखान्यातल्या एका सोबत्याच्या भावाला डॉक्टरांनी लिव्हर बदलायला सांगितलं आहे. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "भैया, आपने कैसे किया था, जरा बताओ." मी सांगायला लागलो आणि पाच मिनिटांत आम्ही दोघंही गोंधळलो. त्याला हवं होतं वजन कसं उतरवायचं ते. मला मात्र आठवत होती माझी बायको आणि कुंडमच्या रस्त्यावरचा एक चहा. म्हणून घरी येऊन लिहायला बसलो. लिहिताना निदान एक गोष्ट संपल्यावर दुसरी सांगता येते.

मी डॉक्टर नाही. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो. वय सेहेचाळीस. आजोबा नोकरीसाठी वर्ध्याकडून इथं आले, तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. महाराजपूरच्या एका कॉलनीत आम्ही तिघं राहतो: मी, बायको मंजू आणि आता कॉलेजात जाणारी मुलगी तनू. यात जे आकडे येतील ते माझे आहेत. ते कोणी स्वतःला लावू नयेत.

दोन रिपोर्ट

वैशाली, आमची वैशू, माझी धाकटी बहीण. सात वर्षांनी लहान. कुंडमला सरकारी शाळेत शिकवते, तिचा नवरा सुधीर तिथंच तहसील ऑफिसात आहे. दोन वर्षांपूर्वी ती थकायला लागली. डोळे पिवळे झाले. सगळे म्हणाले कावीळ आहे, पथ्य करा. तिनं पथ्य केलं, झाडपाला घेतला, आणि तीन महिन्यांनी तिचे पाय सुजले. जबलपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथं कळलं की तिचं शरीर स्वतःच्याच लिव्हरशी भांडत होतं, आणि लिव्हर आता हरलेलं होतं. बदलावंच लागणार.

त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर बाहेर बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईनं सुधीरला विचारलेला प्रश्न. "दीदी पीती थीं क्या?" वैशूनं आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलेलं. सुधीरनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

सुधीरचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मी लगेच हो म्हणालो. नंतर लोकांनी त्याचं फार कौतुक केलं, पण खरं सांगतो, मला प्रश्नच नीट समजला नव्हता. रक्त देतात तसं काहीतरी असेल, एक तुकडा काढतील, तो पुन्हा वाढतो म्हणतात, एवढंच डोक्यात होतं.

मग माझ्या तपासण्या झाल्या. आठवड्याभरानं नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझं लिव्हर दाखवलं. मला त्यात काहीच दिसलं नाही. ते म्हणाले, "यात चरबी साचलीय. असा तुकडा तुमच्या बहिणीला लावला तर तो चालेल याची खात्री नाही, आणि तुमच्याकडे उरेल तो तुम्हाला पुरेल याचीही नाही."

माझं वजन होतं चौऱ्याण्णव किलो. सात-आठ किलो उतरवा, दोन महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्यांनी सांगितलं. वैशूजवळ किती वेळ आहे ते मी विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं.

"म्हणजे मी आजारी आहे का?"

"आहात," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं, इतकंच."

मी तिथं मदत करायला गेलो होतो. बाहेर पडलो तेव्हा माझ्याही हातात फाईल होती.

बारा प्रकारचे पोहे

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी मला दिवसाला चौदाशे कॅलरी आणि पाऊण तास चालणं सांगितलं. "जे तोंडात जाईल ते लिहा," त्या म्हणाल्या. "चाखून पाहिलेलंसुद्धा." मी मान हलवली. कॅलरी हा शब्द बिस्किटाच्या पुड्यावर असतो यापलीकडे मला काहीही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूनं पोहे केले. तनूनं माझ्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं होतं. तिनं त्यात पोहे लिहिलं आणि बघत बसली.

"पप्पा, इसमें बारह तरह का पोहा है."

"आपलं कोणतं?"

"कसं सांगू? एकात एकशे तीस दाखवून राहिलं, एकात साडेतीनशे."

"मम्मीला विचार."

मंजू म्हणाली, "आपले पोहे म्हणजे पोहे. जे नेहमी करते तेच."

हे आमचं मोजलेलं पहिलं खाणं. पोहे थंड झाले आणि आम्ही तिघं फोनकडे बघत होतो. शेवटी मधला आकडा लिहिला.

वाटीचंही तसंच. कागदावर लिहिलं होतं, 'एक वाटी वरण'. आमच्या घरात तीन मापांच्या वाट्या आहेत आणि मला नेहमी सगळ्यात मोठी मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. 'एक मध्यम पोळी', असंही होतं. मंजूची पोळी तिच्या दृष्टीनं मध्यमच होती. संध्याकाळी मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन एक छोटा वजनकाटा आणला, स्वयंपाकघरात ठेवतात तसला. परत येताना खोव्याच्या जिलबीच्या कढईसमोरून गेलो आणि पाऊल जरा हळू पडलं, तेही कबूल करतो. घरी येऊन पोळी ठेवली. कागदावरच्या पोळीपेक्षा ती जवळजवळ दुप्पट निघाली. म्हणजे मी रात्री चार पोळ्या खातो असं जन्मभर समजत होतो, त्या सात होत्या.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आदल्या आठवड्यातल्या एका साध्या दिवसाचं खाणं मी आठवून मांडलं. सकाळचे पोहे, कारखान्यातले पाच चहा, कँटीनचे दोन समोसे, डबा, घरी आल्यावर मूठभर शेंगदाणे, रात्रीचं जेवण. बेरीज तीन हजारांच्या वर गेली. मी ती दोनदा केली. मी जास्त खातो असं मला कधी वाटलंच नव्हतं. पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला आले की मी हात आडवा धरणारा माणूस. आणि तरी.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एवढंच सांगतो: पहिला आठवडा फक्त लिहा. काही कमी करू नका. मी तसं केलं नाही. मी त्याच दिवसापासून कापायला लागलो, आणि त्यात चुकलो.

कच्चं की शिजलेलं

चूक इतकी साधी होती की आजही सांगायला लाज वाटते. मी ताटातला भात तोलायचो आणि अ‍ॅपमध्ये 'तांदूळ' लिहायचो. वरणाची वाटी तोलायचो आणि 'तूर डाळ' लिहायचो. शिजताना त्यात किती पाणी मिसळतं याचा विचारच केला नाही. दीडशे ग्रॅम भात लिहिला की पाचशेच्या वर आकडा यायचा. बाप रे, म्हणून मी भात चार घासांवर आणला. वरण पळीभर. दुपारच्या डब्यातली एक पोळी परत यायची.

वहीत रोज चौदाशे भरत होते. पोटात त्याच्या अर्ध्यापेक्षा थोडंसं जास्त जात होतं.

दहा दिवसांत चार किलो उतरले. मी खूष होतो. सुधीरला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "दादा, तुम्ही कमाल करून राहिले." वैशूला त्यानं फोन दिला, ती नुसती हसली. तिच्या हसण्याला आता आवाज कमी होता.

अकराव्या दिवशी सकाळच्या शिफ्टमध्ये लेथ चालू असताना मला समोरचा उजेड पिवळा दिसायला लागला. चाकावरचा हात कुठं आहे ते कळेना. आमचे चार्जमन, म्हणजे शॉपवर देखरेख करणारे साहेब, पलीकडेच उभे होते. त्यांनी मशीन बंद केली आणि मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. "पंडित मत बनो भाई, उपवास है क्या?" असं म्हणत त्यांनी मला डिस्पेन्सरीत नेलं. तिथं साखर-पाणी मिळालं. ते पिताना मी मनात त्याच्या कॅलरी मोजत होतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. खरंच मोजत होतो, आणि आता दुपारचं काय कमी करावं ते ठरवत होतो.

घरी येऊन नागपूरच्या मॅडमना फोन लावला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"दहा दिवसांत चार? काल काय खाल्लं ते वाचून दाखवा."

मी वाचलं. भाताशी आल्यावर त्यांनी थांबवलं. "हा भात शिजवून तोलला की कच्चा?"

"ताटातला."

"आणि लिहिलं काय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही उपाशी राहताय. इतक्या भराभर वजन उतरलं तर लिव्हर सुधारायच्या ऐवजी बिघडूही शकतं. आजपासून नीट जेवा."

त्या संध्याकाळी मंजूनं पूर्ण ताट वाढलं. जेवायचं होतं, सांगितलेलंच होतं, आणि घास उचलवेना. वाटायचं, प्रत्येक घासाबरोबर मी वैशूचे दिवस खातोय. कमी खाल्लं तरी तिचं नुकसान, जास्त खाल्लं तरी तिचं नुकसान, आणि बरोबर किती ते एका फोनला आणि एका काट्याला ठाऊक. मंजू समोर बसून बघत होती. "जेवा ना," एवढंच म्हणाली.

काटा हलेना

चूक दुरुस्त केली. आता सगळं कच्चंच तोलून, भागून लिहायचो. चौदाशे म्हणजे चौदाशे. पहाटे कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारायचो. आणि वजन थांबलं. नव्वद किलोवर थोडं मागे-पुढे. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा अर्धा झाला.

मी सगळ्यांवर संशय घ्यायला लागलो. आधी वजनाच्या मशीनवर. शेजाऱ्यांच्या मशीनवर जाऊन उभा राहिलो, तेच निघालं. मग अ‍ॅपवर. मग चमच्यांवर. मंजू फोडणी टाकताना मी ओट्याजवळ उभा राहायचो.

"किती टाकलं?"

"दोन चमचे."

"भरून?"

"तुम्हीच टाका ना मग. मी काय तुमची मशीन आहे का, घडी घडी नापून राहिले ते?"

वीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो, तेवढंच. आता तिच्या प्रत्येक चमच्यावर माझी नजर होती. तनू ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला लागली. घरात जेवणाशिवाय दुसरा विषय नव्हता आणि जेवणावर कोणी बोलत नव्हतं.

तिकडे वैशूच्या पोटात पाणी व्हायचं. दोनदा दाखल करून काढावं लागलं. सुधीर फोनवर वजन कधीच विचारायचा नाही. "कसं चाललंय दादा?" एवढंच. मी म्हणायचो, "उतरून राहिलं." खोटं. फोन ठेवला की मी मशीनवर जाऊन उभा राहायचो, जणू माझं बोलणं ऐकून काट्यानं काहीतरी ठरवलं असेल.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. एकदा सकाळी तो नव्वदचा आकडा पुन्हा दिसला, आणि क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. नाही होणार आपल्याकडून, चला. मग दिवसभर मी स्वतःशीही बोललो नाही.

कुंडमच्या रस्त्यावर

त्या रविवारी मी आणि मंजू मोटारसायकलवर कुंडमला गेलो. वैशू अंगणात उन्हाला खाटेवर बसली होती. हात काडीसारखे, पोट मात्र वर आलेलं. मांडीवर मुलांच्या वह्या होत्या, शाळेतून मागवून घेतल्या होत्या. मला बघून म्हणाली, "दादा, किती बारीक झाला तू." तिच्या तोंडून ते ऐकवेना.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू आणि हे जाऊन दूध घेऊन या ना." दूध घरात होतं, मला ओट्यावर दिसत होतं. तरी सुधीर आणि मी गेलो. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा मंजू तिच्या पाठीला तेल लावत होती. वैशूला फार खाज यायची.

परतताना जंगलाचा पट्टा संपतो तिथं एक चहाची टपरी आहे. मंजू मागून म्हणाली, "थांबा इथं." मी माझा बिनसाखरेचा सांगितला. चहा आला, तिनं ग्लास हातात धरून ठेवला.

"वैशू म्हणे, वहिनी, दादाला नाही म्हणायला लावा. मी नाही रागावणार. तनूचं बारावीचं वर्ष आहे, तुम्हाला भीती वाटत असेल तर बरोबरच आहे." मंजू रस्त्याकडे बघत बोलत होती. "मी तेलाची वाटी घेतली आणि तिच्या पाठीला लावत बसली."

"मग?"

"मग काही नाही. मला तुम्हाला एक सांगायचं आहे." तिनं ग्लास बाकावर ठेवला. "मी कणकेत तेल टाकून राहिली. जास्तीचं. वरण शिजतानाच त्यात तूप टाकते. तुम्ही फोडणीचा चमचा बघता, मी आधीच टाकून ठेवलेलं असते."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "काहून?"

"तुमचं वजन नाही उतरलं तर डॉक्टरच नाही म्हणतील. मग तुम्ही नाही म्हटलं नाही, मी नाही म्हटलं नाही. कोणाचाच दोष नाही."

टपरीवाला भजी तळत होता. एक ट्रक गेला. मला राग यायला हवा होता, मी त्याची वाटही पाहिली. आला नाही. तीन आठवडे मी काट्यावर, फोनवर, चमच्यांवर संशय घेत होतो, आणि ती रोज रात्री माझ्या शेजारी हे पोटात घेऊन झोपत होती. तिनं माझ्या बहिणीच्या वाटचे दिवस तुपात घातले होते, आणि ते मला वाचवायला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि माझ्या डोक्यात मावत नव्हत्या.

मी तिला माझं सांगितलं. तो नव्वदचा आकडा, आणि त्या सकाळी सुटल्यासारखं वाटलं ते. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आता काय करायचं?" ती म्हणाली.

"मला समजून नाही राहिलं."

चहावर साय धरली. मग ती उठली, ओढणी डोक्याला बांधली आणि म्हणाली, "मी हो नाही म्हणणार. ते माझ्याकडून होणार नाही. पण तेल नाही टाकणार."

मी मोटारसायकल सुरू केली. यापेक्षा जास्त मला कोणी काही दिलं असेल असं आठवत नाही.

मग जे जमलं ते

सोमवारपासून कणीक मी मळायला लागलो. ती म्हणाली, तुमच्या मनात शंका नको. माझ्या पहिल्या पोळ्या तनूनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवल्या. तनू पुन्हा आमच्यासोबत जेवायला बसली, बहुतेक त्या पोळ्या बघायलाच.

सोबत्याला हवं होतं ते इथं सांगतो. आम्ही तेलाची एक वेगळी बाटली आठवड्याची म्हणून भरली आणि ती आठवड्याला पुरवली, चमचे मोजायचे सोडले. तांदूळ-डाळ कच्ची तोलायची, शिजल्यावर भाग पाडायचे. सकाळचा नाश्ता रोज एकच ठेवला, म्हणजे रोज नवा वाद नाही. साखरेचा चहा पाचावरून एकावर आणला आणि तो एक मात्र सोडला नाही. बाहेर खाल्लं आणि आकडा कळला नाही तर वहीत 'माहीत नाही' असं लिहायचो. मॅडमना ते आवडलं. अंदाजानं खोटा आकडा लिहिण्यापेक्षा ते बरं, असं त्या म्हणाल्या. आणि जो स्वयंपाक करतो त्याला आधी विचारा, त्याला कशाची भीती वाटते ते. हे कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही.

वजन उतरायला लागलं. हळू, आठवड्याला किलोपेक्षा कमी. दोन महिन्यांची मुदत पुढं सरकली, नागपूरच्या डॉक्टरांनी ती वाढवून दिली, वैशू कशीबशी टिकली. शहाऐंशीवर मी थांबलो.

नागपूर

गाडी करून सिवनीमार्गे आम्ही गेलो. नवीन तपासणीत डॉक्टर म्हणाले, चालेल. ते 'चालेल' ऐकून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. एका समितीसमोर आम्हाला बसवलं. कोणी दबाव आणला का, असं मला विचारलं. नाही म्हणालो. मंजूला विचारलं, तुमची संमती आहे का? ती म्हणाली, "माझी सही आहे." त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. अखेर त्यांनी ते मान्य केलं.

गुरुवारी ऑपरेशन ठरलं. मी रविवारीच दाखल झालो. सकाळी सहाला रक्त, मग नाडी, मग एका प्लास्टिकच्या डब्यात श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे. जेवण हॉस्पिटलचेच लोक आणून देत होते. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला काही मोजायचं नव्हतं, आणि हात रिकामे वाटत होते. वैशू वरच्या मजल्यावर होती. रोज दहा मिनिटं मास्क लावून भेटायचो. ती झोपेत असल्यासारखी बोलायची. एकदा मला 'आई' म्हणाली.

मंगळवारी दुपारी प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या ताई माझ्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. कोणा एका कुटुंबानं आपल्या माणसाचे अवयव द्यायला संमती दिली होती. वैशूचं नाव पहिल्यापासून प्रतीक्षायादीत होतंच, आणि ते लिव्हर तिला जुळत होतं. तिला आत्ताच न्यायचं होतं.

"मग मी?" मी विचारलं.

"तुम्ही घरी जा, भाऊ. तुम्हाला आता काही करायचं नाही."

मंजू बाकावर बसून रडायला लागली, तोंडावर ओढणी घेऊन, खांदे हलत होते. ती सुटकाच होती, तिनं ती लपवली नाही. सुधीर आला आणि मला मिठी मारून पुन्हा वर पळाला. मी पलंगावर तसाच. मला आनंद झाला होता. वैशूला चांगलं, पूर्ण लिव्हर मिळत होतं, मला चीर पडणार नव्हती. आणि तरी आपलं नाव यादीतून कोणी खोडावं तसं वाटलं. मग लाज वाटली. शहरात कुठंतरी एका घरातले लोक त्या क्षणी कागदावर सही करून बाहेर येत असतील. त्यांना काय झालं, कोण गेलं, मला आजही माहीत नाही. माझं दुःख त्यांच्यासमोर काहीच नव्हतं, पण ते होतं.

नर्स म्हणाली, आता बाहेरचं काहीही खाऊ शकता. खाली कँटीनमध्ये मी आणि मंजूनं एक ताट घेतलं आणि दोघांनी मिळून खाल्लं. किती ते मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरनं सांगितलं, वैशू ठीक आहे.

त्यानंतर

वर्ष होऊन गेलं. वैशूला गोळ्या जन्मभर आहेत, तपासण्या आहेत, मधे एकदा ताप येऊन सगळ्यांची धावपळ झाली. पण डोळे पांढरे आहेत आणि ती पुन्हा शाळेत जाते. माझ्या लिव्हरमधली चरबीही बरीच कमी झाली आहे. वजन दोन किलो वाढलं. आठवड्यातून दोन-तीन दिवस लिहितो, बाकी दिवस अंदाजानं. कारखान्यात अजून लोक मला बहिणीला लिव्हर देणारा म्हणून ओळखतात. मी सांगतो, दिलं नाही हो. मग ते विचारतात, मग वजन कशाला उतरवलं? याचं लहान उत्तर माझ्याजवळ नाही.

या थंडीत वैशू तपासणीसाठी जबलपूरला आली आणि चार दिवस आमच्याकडे राहिली. दुपारी आम्ही दोघं गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. मंजू खाली होती. मला जे इतके महिने सांगायचं होतं, ते मी सांगून टाकलं.

"वैशू, तुझं ऑपरेशन झालं त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. माझं नाही घेतलं म्हणून. वेडेपणा आहे, मला माहीत आहे."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मला तर बरं वाटलं."

"काहून?"

"तुझं घेतलं असतं तर तुझ्याशी जन्मभर भांडता नसतं आलं, दादा. काही बोलायच्या आधी पोटाकडे पाहावं लागलं असतं." तिनं माझ्यासमोरची परात स्वतःकडे ओढली आणि त्यात बोट फिरवलं. "हे बघ. अर्धे किडलेले तसेच टाकून राहिला. तुला लहानपणापासून एक काम धड नाही येत."

"एकही किडलेला नाही."

"हा काय मग?"

"तो डाग आहे."

मटार संपेपर्यंत आम्ही भांडत होतो. खालून मंजूनं दोनदा हाक मारली, तरी कोणी उठलं नाही.